मॉड्यूलर किचन: कोटेशनवर मरीन प्लाय, ओट्याखाली पार्टिकल बोर्ड

नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडच्या एका टू बीएचकेमधलं प्रकरण. कोटेशनमध्ये १८ एमएम बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ, म्हणजेच मरीन) प्लाय लिहिलेला, शोरूममध्ये तुकडाही खऱ्या प्लायचाच दाखवलेला. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालच्या बॉक्सचा, म्हणजे कपाटाच्या सांगाड्याचा, तळ फुगला, लॅमिनेट पापडासारखं वर आलं आणि शटर (कपाटाचं दार) खाली घासायला लागलं. कंपनीचं उत्तर ठरलेलं: "पाणी सांडलंय, वॉरंटीत बसत नाही."

खरं काय ते सिंकच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकात दिसलं. बॉक्सच्या बाकी सगळ्या कडांवर एज बँडिंगची पट्टी असते, त्यामुळे आत काय आहे ते कळत नाही. पाइपचं भोक मात्र फिटर घरी येऊन कापतो, ती कड उघडीच राहते. टॉर्च मारला तर प्लायमध्ये आडवे थर दिसतात, पार्टिकल बोर्डात दाबलेला भुसा, एमडीएफमध्ये (लाकडाच्या बारीक तंतूंचा बोर्ड) गुळगुळीत तपकिरी कड. इथे भुसा निघाला. कड सिलिकॉनने बंद केलेली नव्हती, म्हणून पाइपवरून ओघळणारं पाणी नेमकं तिथूनच बोर्डात शिरत होतं. शटर तपासायचं तर हिंजचे दोन स्क्रू काढून ३५ एमएमच्या खड्ड्यात डोकवा. आतला बोर्ड हिरवा दिसला की वॉटरप्रूफ, असं सेल्समन हमखास सांगतात. तो नुसता रंगही असू शकतो.

बीडब्ल्यूपी म्हणजे आयएस ७१० हे भारतीय मानक. या प्लायच्या चिकटाची चाचणी ७२ तास उकळून होते. आयएसआयचा शिक्का शीटवर असतो, लॅमिनेट चढलं की झाकला जातो. म्हणून माल अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये कच्चा असतानाच बघून या, शिक्क्याचा आणि सीएम/एल नंबरचा (उत्पादकाच्या परवान्याचा नंबर) फोटो घ्या, नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका. कोटेशनमध्ये 'किंवा तत्सम' असेल तर खोडायला लावा. सगळी पळवाट तिथेच असते.

मापातली लबाडी त्याहून सोपी. ओटा जमिनीपासून ३४ इंच, पण ग्रॅनाइट आणि स्कर्टिंग सोडलं तर बॉक्स जेमतेम २८ इंच. दर चौरस फुटावर असतो; १० फुटांच्या ओट्याला ३४ इंच धरले की २८.३ चौरस फूट होतात, २८ इंचांनी २३.३. पाच चौरस फूट हवेचे पैसे. एल आकारात कोपऱ्याचे दोन फूट दोन्ही बाजूंना मोजतात, ते वेगळंच. ओट्याखाली आधीच कडप्प्याचे उभे पार्टिशन असतील तर बॉक्सची गरजच नसते, ट्रॉल्या आणि शटर बसतात. हे कंपनी आपणहून सांगणार नाही; उलट कडप्पा फोडायचा खर्चही लावेल.

ट्रॉल्यांत एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ सांगून हलक्या प्रतीचं २०२ देतात. लोहचुंबक दोन्हींना सहसा चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा कामाची नाही. ड्रॉप टेस्टचं किट मिळतं: थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ वर लालसर रंग येतो. टँडम बॉक्सच्या (महागडा तयार ड्रॉवर) दरात साधं टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर सरकायची पट्टी) बसवणं हाही नेहमीचा प्रकार, म्हणून हिंज, चॅनल, बास्केट यांची कंपनी, मॉडेल आणि नग कोटेशनमध्ये वेगवेगळे लिहून घ्या. 'हार्डवेअर एक्स्ट्रा' एवढंच लिहिलं असेल तर दर स्वस्त दिसतो इतकंच.

या घरात ऑर्डरला ५० टक्के, माल निघण्याआधी ४० टक्के दिले गेले होते. म्हणजे बोर्ड दिसायच्या आत ९० टक्के गेले. त्यापेक्षा ऑर्डरला ३०, बॉक्स घरी येऊन तपासल्यावर ४०, फिटिंग झाल्यावर २०, आणि उरलेले १० सिंक आठवडाभर वापरून, तळाला हात लावून बघितल्यावर, असं ठरवा. कंपन्या कुरकुरतात, तयार होणारी सापडतेही.

बिलाशिवाय घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचेल, हे आमिष सगळ्यात महाग पडतं, कारण मग तक्रारीला कागदच नाही. जीएसटी पोर्टलवर नंबर टाकला की मालकाचं नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. 'वीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याची नोंदणी गेल्या वर्षीची असेल तर जुनं नाव का सोडलं ते विचारा.

फसवणूक झालीच असेल तर बोर्ड बदलू देण्याआधी उघड्या कडेचे फोटो काढा, फुगलेला तुकडा जपून ठेवा. आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. किचनसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. तक्रार नाशिकमध्येच करता येते, कंपनी पुण्या-मुंबईची असली तरी, आणि ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.