स्टेट बोर्ड की सीबीएसई? टेबलावरच्या मार्कशीटा काय सांगतात

भुसावळला माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान आहे. मे संपत आला की टेबलावर मार्कशीटांचा ढीग पडतो. रेल्वेवाल्यांची आणि ऑर्डनन्स फॅक्टरीवाल्यांची पोरं सीबीएसईची, आजूबाजूच्या खेड्यांतली बहुतेक स्टेट बोर्डाची. दोन्ही कागद रोज हातातून जातात, म्हणून यावल तालुक्यातल्या माझ्या चुलतभावाने मलाच फोन केला. त्याची केळी आहे, मुलगी आठवीत आहे. म्हणाला, "दादा, बाकी सोड. टक्के कुठे जास्त पडतात तेवढं सांग."

तेवढंच सांगता येत नाही, कारण दोन्हीकडच्या टक्क्यांचं माप वेगळं आहे.

आधी स्टेट बोर्डाची दहावी. सहा विषय, प्रत्येकी 100. त्यातले 80 लेखी आणि 20 शाळेच्या हातातले. पास व्हायला 35. टक्केवारी मात्र 600 पैकी निघत नाही, सगळ्यात कमी गुणांचा विषय गळतो आणि उरलेल्या पाचांची बेरीज 500 पैकी धरतात. हेच ते बेस्ट ऑफ फाइव्ह. समजा, मराठी 88, हिंदी 80, इंग्रजी 62, गणित 54, विज्ञान 70, सामाजिक शास्त्र 81. सहाही धरले तर 435, म्हणजे साडेबहात्तर टक्के. गणित गळलं की 500 पैकी 381, म्हणजे 76.2. पोरगा विशेष प्राविण्यात! घरी पेढे येतात आणि अकरावी सायन्सचा अर्ज भरायला बाप माझ्याकडे येतो. ज्या विषयावर पुढची सगळी दोन वर्षं चालायची तोच विषय बेरजेतून गेलेला असतो, आणि हे त्याच्या लक्षातही येत नाही. मी आता टक्के बघायच्या आधी गणिताच्या ओळीवर बोट ठेवतो.

शाळेच्या हातातल्या त्या 20 गुणांचं वजन 2019 ला कळलं. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्राचे तोंडी-अंतर्गत गुण काढून घेतले होते, अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी गुण परत दिले, निकाल 95.30. एका वर्षात पोरं हुशार झाली असं म्हणायला मी तयार नाही. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा किंवा खेळ यांचे वाढीव गुण मिळतात ते वेगळेच.

सीबीएसईत दहावीला मुख्य विषय पाच: दोन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र. 80 आणि 20 ची विभागणी इथेही आहे, पासाला 33 लागतात. पण पाचच विषय असले तर गाळायला काही उरत नाही. गणितात 54 पडले की ते एकूण टक्केवारीत दिसणारच. सहावा कौशल्य विषय घेतलेला असेल आणि गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रात नापास झालं, तर तो कौशल्य विषय त्या जागी येतो. ती सोय चांगली आहे. शिवाय एकूण टक्के बोर्ड काढून देत नाही, ते ज्याने त्याने काढायचे. गणितात स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पेपर असतात. बेसिक सोपा, पण तो पुढे गणित घ्यायचंच नाही अशांसाठी. "बेसिक घे, मार्क वाढतील" असं कोणी सुचवलं तर आधी पुढचं ठरवा.

आता सीबीएसईच्या मार्कशीटवरच्या ए-1, ए-2 या ग्रेडची भानगड. लोकांना वाटतं 91 च्या वर ए-1. शाळेच्या खालच्या वर्गांत तसंच असतं, आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतही पहिली ते आठवी 91 च्या वर अ-1, 81 ते 90 अ-2 असंच चालतं. सीबीएसईच्या बोर्डाच्या परीक्षेत मात्र तसं नाही. एका विषयात पास झालेल्या सगळ्यांना गुणांनुसार ओळीने लावतात, वरचा आठवा हिस्सा ए-1, पुढचा आठवा ए-2, असं खालपर्यंत. केळीचा भाव जसा नुसत्या तुझ्या घडावर ठरत नाही, त्या दिवशी बाजारात माल कसा आला यावरही ठरतो, तसं हे. चुलतभावाला हे एका वाक्यात समजलं. मास्तरांना समजावायला मला अर्धा तास लागला होता.

नापास झालं तर? स्टेट बोर्डात एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर, अकरावीत बसता येतं, आणि पुरवणी परीक्षा पावसाळ्यात असतेच. सीबीएसईने 2026 पासून दहावीची परीक्षा वर्षात दोनदा केली. फेब्रुवारीची सगळ्यांना सक्तीची, मेची ऐच्छिक. त्यात तीन विषयांपर्यंत गुण सुधारता येतात. हे मला सीबीएसईचं सगळ्यात पटणारं अंग वाटतं.

अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाले आणि दोन्ही बोर्डांची पोरं एकाच यादीत येतात. टक्के आहेत तसे धरतात, कुठलाही मेळ घालत नाहीत. जिथे जागेसाठी चढाओढ आहे तिथे स्टेट बोर्डाच्या पोराला गळलेल्या विषयाचा फायदा होतो, हे खरं. पण तो फायदा तिथेच संपतो. इंजिनीअरिंगला राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेचं पर्सेंटाइल लागतं, म्हणजे किती टक्के पोरं आपल्या मागे आहेत ते, बारावीचे टक्के नुसते पात्रतेपुरते. त्या सीईटीचा पेपर आपल्या राज्याच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, आणि जेईई, नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवर चालते.

पदवीला गेलं की दोघांचंही जुनं गणित मोडतं. आपलं जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला सुरू झालं आणि 2018 ला त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिच्या नावाखाली आता दशांशाच्या दोन घरांपर्यंत सीजीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंटांची सरासरी, छापून येतो. तिथे विषयाचं वजन क्रेडिटवर असतं. चार क्रेडिटच्या पेपरात 6 ग्रेड पॉइंट आणि दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलात 9 असतील तर सरासरी साडेसात नाही, 7 येते. शिवाय ग्रेडचा पट्टा 60 ला बदलत असेल तर 59 वाल्याचा पूर्ण पॉइंट जातो, आणि 60 ते पट्ट्याच्या वरच्या टोकापर्यंतचे सगळे एकाच भावात जातात. मागे एका भरतीच्या अर्जात टक्क्यांच्या रकान्यात मी एका मुलीचा 7.4 सीजीपीए भरला. फॉर्मने तो 7.4 टक्के समजून तिला अपात्र दाखवलं. विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र गुणपत्रकाच्या मागे असतं का ते बघायची सवय मला तेव्हापासून लागली.

तर चुलतभावाला मी काय सांगितलं? वडिलांची बदली होत असेल, आज भुसावळ तर तीन वर्षांनी नागपूर किंवा इटारसी, तर सीबीएसई. तिथे मार्कांचा प्रश्नच नाही, शाळा तुटू नये हा आहे. तुझी बाग कुठे जाणार नाही. मुलगी सातवीपर्यंत मराठीतून शिकली, भाषेत तिला 85 च्या वर सहज पडतात, गणित कच्चं आहे. स्टेट बोर्डात तिचे टक्के चांगले दिसतील, पण त्या दिसण्यावर सायन्सला टाकू नकोस. सीबीएसईत घालायचंच असेल तर आठवी संपायच्या आत ठरव, नववीत बोर्डाकडे नाव नोंदवतात.

तो म्हणाला, "म्हणजे गणिताची शिकवणी लावू?"

म्हटलं, आधी तिचं सहामाहीचं प्रगतीपुस्तक घेऊन ये, सगळ्या विषयांचं.