आमच्या जर्नलच्या नावावर दुसऱ्याचंच दुकान

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जर्नलचं संपादन मी बघतो. आम्ही लेखकांकडून एक रुपयाही घेत नाही. म्हणूनच एका रेसिडेंट मुलीचा फोन आला, "सर, साडेआठ हजार भरून महिना झाला, अंक कधी निघणार?" तेव्हा आधी वाटलं, राँग नंबर असेल. तिचा निबंध आमच्याकडे आलेलाच नव्हता. तिच्याकडे ॲक्सेप्टन्स लेटर मात्र होतं, आमच्या लोगोचं आणि आमच्या मुख्य संपादकांच्या सहीचं.

सही जुन्या अंकाच्या पीडीएफमधून उचललेली होती. तिने पाठवलेली लिंक उघडली तर समोर आमचीच वेबसाइट! तेच नाव, तोच आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक), तेच संपादक मंडळ. मंडळातले एक ज्येष्ठ सर वारले, तिथे ते अजून निबंध तपासतात. पत्त्याची शेपटी तेवढी वेगळी, 'डॉट ओआरजी'च्या जागी 'डॉट कॉम'. खऱ्या जर्नलचं असं सोंग घेणाऱ्यांना हायजॅक्ड जर्नल म्हणतात. पैसे घेऊन काहीही छापणारी भुरटी जर्नल्स निदान स्वतःच्या नावाने तरी लुटतात.

मुलं फसतात याचं मला नवल वाटत नाही. इमर्जन्सी ड्यूटी, थिसिस, वर परीक्षा, आणि गाईड रोज विचारणार, "पेपरचं काय झालं?" प्राध्यापकांचीही तीच गत. बढतीसाठी मेडलाइन, स्कोपस, डीओएजे अशा ठरावीक सूचींतलंच जर्नल लागतं. मग 'सात दिवसांत स्वीकृती' अशी मेल आली की माणूस विरघळतो. आमच्याकडे दोन रिव्ह्यूअर, म्हणजे निबंध तपासणारे त्याच विषयातले तज्ज्ञ, मिळवायलाच कधी महिना जातो. मंडळी फुकट काम करतात, त्यांना घाई कशी करणार?

त्या मुलीला आलेला 'पीअर रिव्ह्यू', म्हणजे तज्ज्ञांचा तपासणी-अभिप्राय, मी मागवून घेतला. दोन ओळी होत्या: विषय चांगला आहे, इंग्रजी सुधारा, स्वीकृत. निबंधाच्या पहिल्याच तक्त्यात एकूण रुग्ण 100, पुरुष 58 आणि स्त्रिया 46. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांकही नव्हता. खऱ्या रिव्ह्यूअरने तिथेच लाल पेन उचललं असतं. पोरगी हुशार आहे, बेरीज चुकली एवढंच. पण ती दाखवून देणारं तिथे कोणी नव्हतंच.

पुढचा प्रकार जास्त चीड आणणारा. एका लेक्चररने सगळं लक्षात आल्यावर निबंध मागे घ्यायचं ठरवलं, तर त्या लोकांनी 'विड्रॉवल फी' मागितली. लेक्चररने ती दिली नाही आणि निबंध रीतसर आमच्याकडे पाठवला. आम्ही साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातला, तर 94 टक्के जुळणी, आणि मूळ स्रोत म्हणून आमच्याच जर्नलचं नाव! नकली साइटने तो आमच्या नावाखाली आधीच टाकला होता. म्हणजे आमच्यात न छापलेला निबंध आमच्यातूनच चोरल्याचा ठपका.

तर कुठलीही मेल आली की तिच्यातल्या लिंकवरून जाऊ नका. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाका, नोंदीत वेबसाइटचा पत्ता असेल तर तो जुळवून बघा. नुसता क्रमांक छापलाय याला अर्थ नाही. तो कोणीही छापतो, आणि खरा असला तरी दर्जाची हमी देत नाही. जर्नलच्या जुन्या निबंधाचा डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक, 'डीओआय डॉट ऑर्ग'वर टाका आणि कुठल्या साइटवर पोचता ते पाहा. त्या मुलीच्या निबंधावरचा डीओआय टाकला, तर असा काही क्रमांक अस्तित्वातच नाही असं उत्तर आलं. मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणारी 'रिट्रॅक्शन वॉच' ही वेबसाइट 2022 पासून हायजॅक झालेल्या जर्नल्सची यादी ठेवते, तीही चाळा. फक्त स्कोपसवर विसंबू नका, नकली अंकांतले निबंध तिथेही शिरल्याचं उघड झालेलं आहे. आणि पैसे कोणाच्या नावावर जाताहेत ते बघा. त्या मुलीचे एका भलत्याच माणसाच्या यूपीआयवर गेले होते. संस्था कधी अशी वसुली करते का?

पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. लवकर कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. या मुलीचा महिना उलटला होता. तक्रार घेतली गेली, पैसे मात्र गेले ते गेलेच. साक्षीदार म्हणून आम्हीही लेखी दिलं.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, काढून घ्यायची रीतसर वाट आहे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे दावा लावता येतो, पण एका डोमेनसाठी एकसदस्यीय पॅनेलची फीच 1500 डॉलर. आमच्या जर्नलला कॉलेज वर्षाला जे देतं त्यातून छपाई आणि पोस्टाचा खर्च कसाबसा निघतो. म्हणून होस्टिंगवाल्या कंपनीला पुराव्यांसह पत्र पाठवलं. थोड्या दिवसांनी साइट बंद पडली, आणि लगोलग वेगळ्या शेपटीने पुन्हा उभी राहिली. सध्या तिथे 'दिवाळी विशेषांक' चालू आहे, दोन निबंधांवर तिसरा फुकट.