थकलेली उधारी आणि नादारी कायद्याच्या वकीलबाई : सेवेचे परीक्षण

माल उचलून पैसे थकवणाऱ्या एका कंपनीविरुद्ध आम्ही नादारी व पुनर्रचनेच्या प्रकरणांत मुरलेल्या एका वकीलबाईंची सेवा घेतली. नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 9 खाली, म्हणजे थकबाकीदार कंपनीविरुद्ध पुरवठादाराला नादारीची कारवाई सुरू करता येते त्या तरतुदीखाली, अर्ज करावा, एवढीच आमची मागणी होती. थकबाकी एक कोटीच्या वर असल्याने मार्च 2020 मध्ये वाढवलेली किमान थकबाकीची मर्यादाही आड येत नव्हती. बाईंनी मात्र आधी जुने ईमेल मागवले आणि मालाच्या दर्जाविषयी त्या कंपनीच्या खरेदी विभागाने केलेल्या तक्रारीवर नेमके बोट ठेवले. थकबाकी मागणाऱ्या नोटिशीपूर्वीच खराखुरा वाद असेल तर असा अर्ज टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मोबिलॉक्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. स्वतःला फी मिळवून देणारा अर्ज करू नका, असे पक्षकाराला सांगणारे वकील विरळाच.

पुढे बँकेनेच कलम 7 खाली, म्हणजे कर्ज देणाऱ्यांसाठीच्या तरतुदीखाली, त्या कंपनीला नादारीची प्रकरणे चालवणाऱ्या न्यायाधिकरणात खेचले, मोरॅटोरियम (कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती) लागू झाला आणि आमचा दावा पुरवठादारांसाठीच्या फॉर्म बी मध्ये भरण्याची वेळ आली. प्रत्येक बिलासमोर डिलिव्हरी चलन, ई-वे बिल आणि खातेउतारा लावला गेला; एका चलनावरचा गोदामाचा शिक्का पुसट होता, तर बाईंनी वाहतूकदाराकडून पोच मागवल्याशिवाय ते बिल जोडू दिले नाही. कंपनी सावरण्याच्या मंजूर आराखड्यात न आलेला दावा संपुष्टात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये ठरवलेले असल्याने हा काटेकोरपणा आवश्यकच होता.

आराखड्यावर मतदान करणाऱ्या कर्जदात्यांच्या समितीत पुरवठादाराला मत नसते आणि तारण असलेल्या बँकांनंतर फारसे काही उरत नाही, हे त्यांनी आरंभीच सांगितले होते. हाती आलेली रक्कम किरकोळच होती. दोष वकिलीचा नव्हे. तक्रार आहे ती वेगळी: ही प्रक्रिया पुरी करण्याची कायद्यातील 330 दिवसांची मुदत प्रत्यक्षात किती लांबते, याची कल्पना त्यांनी आधी द्यायला हवी होती, कारण नुसती तारीख पडली तरी हजेरीची फी लागत होती.

त्यानंतर नव्या ग्राहकांसाठी त्यांनी करारात संचालकांच्या वैयक्तिक हमीचे कलम घालून दिले, कारण कंपनीचा आराखडा मंजूर झाल्याने अशी हमी आपोआप सुटत नाही. त्या मसुद्याची फी वेगळी होती. ती देताना आम्ही घासाघीस केली नाही.