बोर्ड म्हणतो १.२७५, मीटर म्हणतं १.२१ : दहा महिने वापरल्यानंतर

२०२३ च्या दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, बी५५० चिपसेटचा एक मधल्या किमतीचा मदरबोर्ड घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका नगावरून कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही, आणि खाली सांगितलेले निम्मे आजार इतर कंपन्यांच्या बोर्डांतही आढळतात. घेतल्या-घेतल्या पहिल्या आठवड्यात मी या बोर्डाला पाचपैकी साडेचार दिले असते. हीटसिंक जाडजूड, मागे भरपूर यूएसबी, एम.२ च्या दोन जागा, आणि बायोसची (बोर्डाची मूळ सेटिंग्ज जिथे बदलतात ती) स्क्रीन तर एखाद्या विमानाच्या कॉकपिटसारखी. आता काय देतो ते पुढे येईलच.

मी नाशिकला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. प्रोसेसर रायझन ५ ३६००, २०२० पासून माझ्याकडे आहे. त्याचा बेस क्लॉक ३.६ आणि बूस्ट ४.२ गिगाहर्ट्झ. पण ते ४.२ एखाद-दुसऱ्या कोअरला, तेही हलक्या कामात. सहाही कोअर एक्सपोर्टला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायला, जुंपले की माझा नग ३.९५ च्या आसपास येऊन बसतो. म्हणून जुन्या बी४५० बोर्डवर मी मल्टिप्लायर ४२ (१०० मेगाहर्ट्झच्या ४२ पट, म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ) आणि व्होल्टेज १.२७५ असं हाताने बांधून ठेवलं होतं. यालाच ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. साडेतीन वर्षं त्यावर लग्नं निघाली, बारशी निघाली, कधी हूं की चूं नाही. मग २०२३ च्या पावसाळ्यात जुना बोर्ड गेला आणि दिवाळीनंतर हा आला.

नव्या बोर्डवर तेच आकडे भरले. पहिलं मोठं एक्सपोर्ट लावलं आणि चहा करायला उठलो. परत आलो तर स्क्रीनवर विंडोजचं लॉगिन. ब्लू स्क्रीन नाही, काही मेसेज नाही, मशीन आपलं रीस्टार्ट होऊन साळसूदासारखं बसलेलं. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली तर हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या डब्ल्यूएचईए लॉगरची नोंद, क्रमांक १८, ‘कॅशे हायरार्की एरर’. रायझन ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना ही नोंद चांगली ओळखीची आहे. बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच, की कोअरला हव्या त्या क्षणी पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही.

घरात ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे’ असं बोललो, तर सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझरच आणून दिला. त्यांचंही बरोबर आहे. आपल्याकडे व्होल्टेज म्हटलं की खांबावरची लाईन आठवते. हे व्होल्टेज मात्र निराळं. भिंतीतले २३० व्होल्ट कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमध्ये, म्हणजे एसएमपीएसमध्ये, १२ होतात, आणि त्या १२ चे सव्वा-दीड व्होल्ट करण्याचं काम बोर्डवरच्या व्हीआरएमचं. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी काळ्या चौकोनी चोकची रांग दिसते ना, तेच. आणि व्होल्टेज एवढं कमी म्हणून काम हलकं समजू नका. १.३ व्होल्टवर १०० वॅट द्यायचे म्हणजे ७७ अँपिअर करंट. घरातल्या एसीचा एमसीबी २० किंवा २५ अँपिअरचा असतो. त्याच्या तिप्पट करंट नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये शिरतो, आणि एक्सपोर्ट थांबलं की क्षणात कोसळतो. तो चढउतार सांभाळत व्होल्टेज जागच्या जागी धरणं, यातच बोर्डाची परीक्षा असते. स्टॅबिलायझर आता फ्रिजला लावलाय.

ज्याला विचारावं तो म्हणे, प्रोसेसर थकला. हे अगदीच खोटं नसतं. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता वर्षानुवर्षं दिली तर सिलिकॉन झिजतं आणि त्याच वेगासाठी पुढे जास्त व्होल्टेज मागतं. मीही ते मानलं. १.३०० केलं, पुन्हा रीस्टार्ट. १.३२५ ला दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी पडलं. शेवटी १.३५ वर गाडी स्थिर झाली. डिसेंबर-जानेवारीत काही वाटलं नाही, नाशिकची थंडी पाठीशी होती. एप्रिलमध्ये दुपारी खोलीच तापायची, तेव्हा एक्सपोर्टमध्ये तापमान ९३ दाखवू लागलं. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५. वेग तोच ठेवला तरी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १.२७५ वरून १.३५ वर जाताना साधारण १२ टक्के जास्त वीज, आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर. पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. क्लायंट फोनवर विचारायचा, मागे काय चाललंय?

मे महिन्यात एका मित्राने त्याचं मशीन दिलं. बोर्ड वेगळा, कूलर वेगळा. माझा ३६०० त्यात बसवला, मल्टिप्लायर ४२, व्होल्टेज १.२७५, आणि रात्रभर एक्सपोर्टवर एक्सपोर्ट. सकाळी मशीन जिवंत, लॉगमध्ये एकही नोंद नाही. पाच महिने मी बिचाऱ्या प्रोसेसरला म्हातारा म्हणत होतो!

आता बोर्डचीच तपासणी. माझा दुसरा एक मित्र मोबाइल दुरुस्त करतो, त्याचा हात स्थिर. कॅबिनेटचा मागचा पत्रा काढला की सॉकेटच्या पाठीमागे ट्रेला मोठी खिडकी आहे, तिथून बारीक कपॅसिटर दिसतात. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज त्यांच्यावर मोजता येतं. त्याने मल्टीमीटरच्या प्रोबना शिवणाच्या सुया बांधल्या, टोकं सोडून बाकी टेप गुंडाळली आणि मशीन चालू असताना टेकवल्या. हे घरी करा असं मी अजिबात सांगणार नाही. दोन सुया एकमेकींना लागल्या तर प्रोसेसर आणि बोर्ड दोन्ही एका ठिणगीत जातील. मी श्वास रोखून बसलो होतो, तो मात्र गाणं गुणगुणत होता.

बायोसमध्ये १.२७५ भरलेलं. मशीन रिकामं असताना मीटरवर १.२७२, म्हणजे ठीक. एक्सपोर्ट चालू केलं आणि मीटर खाली आलं, १.२०९. त्याच क्षणी एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बोर्डचा ‘व्हीकोअर’, म्हणजे कोअरचं व्होल्टेज, १.२६४ दाखवत होता. तब्बल ५५ मिलिव्होल्टचा फरक, आणि मी पाच महिने त्या १.२६४ वर विश्वास ठेवून ‘व्होल्टेज तर बरोबर आहे’ म्हणत होतो.

गोम अशी, की हा ‘व्हीकोअर’ आकडा सुपर आयओ नावाची चिप देते, आणि ती बोर्डवर जिथून व्होल्टेज मोजते ती जागा प्रोसेसरपासून लांब, व्हीआरएमच्या उशाशी असू शकते. टाकीजवळ प्रेशर मोजायचं आणि तिसऱ्या मजल्यावर नळाला धार नाही, तसला प्रकार. त्याच सॉफ्टवेअरमध्ये खाली ‘एसव्हीआय२ टीएफएन’ असा दुसरा आकडा असतो. प्रोसेसर आणि व्हीआरएमचा कंट्रोलर ज्या एसव्हीआय२ तारेवर आपसात बोलतात तिथून तो येतो. माझ्या बोर्डवर तो १.२०६ दाखवत होता, मीटरपासून फक्त तीन मिलिव्होल्ट दूर. म्हणजे खरा आकडा पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर होता, मीच वरची ओळ वाचून थांबत होतो.

लोड आल्यावर व्होल्टेज खाली येणं हा मुळात दोष नव्हे, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. त्याला लोडलाइन म्हणतात. ७० अँपिअर करंट आणि एक मिलिओहमची लोडलाइन धरली तर ७० मिलिव्होल्टची घट, जवळपास माझ्या मीटरवर दिसली तेवढीच. लोड अचानक सुटला की व्होल्टेज उसळी मारतं, तेव्हा आधीच थोडं खाली असलेलं बरं, असा हिशेब. ही घट किती भरून काढायची ते एलएलसी म्हणजे लोडलाइन कॅलिब्रेशनच्या सेटिंगवर ठरतं. माझ्या जुन्या बोर्डवर ‘ऑटो’ म्हणजे मधली पातळी होती. या बोर्डवर ‘ऑटो’ म्हणजे काहीच नाही, आणि ते मॅन्युअलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. त्यातून पातळ्यांच्या नावांचा गोंधळ वेगळाच. काही कंपन्यांकडे लेव्हल १ सगळ्यात कडक, काहींकडे तीच सगळ्यात सैल. एका बोर्डचा सल्ला वाचून दुसऱ्या बोर्डवर आकडा टाकणारे इथेच फसतात.

मग साहजिकच वाटलं, सगळ्यात कडक पातळी लावू आणि मोकळे होऊ. लावली. मीटरवर व्होल्टेज रिकामं असताना आणि लोडखाली जवळपास सारखंच, मी खूश. पण मीटर सरासरी दाखवतं, क्षणाची उसळी त्याला दिसत नाही. ओळखीतल्या एकाच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मशीन उचलून नेलं, सीआरओ लावला, म्हणजे क्षणाक्षणाचं व्होल्टेज पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. १.३०० ठेवलेलं असताना लोड सुटला की पडद्यावर १.३९ पर्यंतचा सुळका दिसायचा, काही मायक्रोसेकंदांचा. एखादा सुळका प्रोसेसर पचवेल, पण एक्सपोर्ट करताना लोड सेकंदाला किती वेळा चढतो-उतरतो याचा विचार केल्यावर मी ती पातळी तिथेच बदलली. मधली, लेव्हल ३, ठेवली तेव्हा सुळका १.३२ च्या आत राहिला.

दुसरा दोष मात्र निखळ दोष आहे, त्याला कसलीही सबब नाही. मशीन स्लीपमध्ये घालून उठवलं की बोर्ड मी भरलेलं व्होल्टेज विसरतो आणि १.१ च्या आसपास जातो. मल्टिप्लायर मात्र ४२ लाच धरून ठेवतो. डेस्कटॉप दिसतो, माऊस फिरतो, आणि एक्सपोर्टचं बटण दाबलं की सगळं गोठतं. १.१ वर ४.२ गिगाहर्ट्झ म्हणजे उपाशीपोटी नांगराला जुंपणं. हे कळायला मला सहा आठवडे लागले, कारण मी दर वेळी रीस्टार्ट करून तपासायचो आणि रीस्टार्टनंतर सगळं बरोबर असायचं.

तिसरी गोष्ट ओव्हरक्लॉक न करणाऱ्यांनीही वाचावी. एचडब्ल्यूइन्फोमध्ये २०२० च्या जूनपासून ‘पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन’ असा एक आकडा मिळतो. प्रोसेसर स्वतः किती करंट ओढतोय हे त्याला बोर्डच सांगतो. काही बोर्ड हा आकडा कमी करून सांगतात. प्रोसेसरला वाटतं, अजून मर्यादेला जागा आहे, आणि तो जास्त जोर लावतो. बेंचमार्कमध्ये बोर्ड शेजारच्यापेक्षा दोन पावलं पुढे दिसतो, बस. सगळं मूळ सेटिंगवर ठेवून सिनेबेंचसारखं पूर्ण लोडचं काम लावलं की हा आकडा १०० टक्क्यांच्या आसपास यायला हवा. इतर वेळी तो वाचू नये, अर्थहीन असतो. माझ्याकडे ७८ आला. ३६०० ची वीजमर्यादा ८८ वॅट. म्हणजे प्रोसेसर ८८ समजून प्रत्यक्षात ११२ च्या आसपास खात होता. मी हात लावण्याआधीच बोर्डाने ओव्हरक्लॉकिंग सुरू केलेलं होतं, मला न विचारता.

हे सगळं छापून, मीटरच्या फोटोंसकट, जूनमध्ये सर्व्हिस सेंटरला दिलं. तीन आठवड्यांनी बोर्ड परत आला, वर स्टिकर, ‘नो फॉल्ट फाउंड’. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता. म्हणाला, “सर, आम्ही विंडोज चालू होतं का एवढंच बघतो.” त्याच्यावर काय रागवायचं?

तरी आता या विषयाकडे दुर्लक्ष करणं कंपन्यांना जड जाणार आहे. २०२३ मध्ये रायझन ७०००, विशेषतः एक्स३डी प्रोसेसर, सॉकेटमध्ये जळाल्याची प्रकरणं आली. बोर्ड जास्त एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) देत होते, तेव्हा एएमडीने त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर होऊन बिघडू लागले. तिथे प्रोसेसरच्या मायक्रोकोडचा (त्याच्या आतल्या मूळ सूचनांचा) दोष होता आणि बोर्डांच्या सैल वीजमर्यादांचाही हात होता. ऑगस्टच्या मायक्रोकोडने १.५५ च्या वरची व्होल्टेजची मागणी रोखली, आणि वॉरंटी आणखी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली. माझ्या ३६०० सारख्या जुन्या गड्यासाठी अर्थातच कोणी धावून येणार नाही.

सध्याची मांडणी अशी. मल्टिप्लायर ४२, व्होल्टेज १.३००, एलएलसी लेव्हल ३, लोडखाली खरं व्होल्टेज १.२६ च्या आसपास, तापमान ८१-८२. स्लीप पूर्ण बंद, काम झालं की शटडाउन. जुलैपासून एकही रीस्टार्ट नाही. तासाभराची फिल्म मूळ सेटिंगवर ५१ मिनिटांत निघते, यावर ४८. तीन मिनिटांसाठी एवढा उपद्व्याप, असं बायको म्हणते, आणि सीझनमध्ये रात्रीच्या पाच-पाच फिल्म असतात असं मी म्हणतो.

गुण पाचपैकी अडीच. ओव्हरक्लॉक करणार नसाल तर तीन, कारण बांधणी खरंच चांगली आहे. घेतलाच तर पहिल्या दिवशी डेव्हिएशनचा आकडा बघा आणि दुकानाच्या बदलून देण्याच्या मुदतीत बघा. माझी ती मुदत प्रोसेसरला शिव्या घालण्यात गेली.

परवा साइटवर नवं बायोस आलंय. सोबतची माहिती एका ओळीची, ‘सिस्टीम स्टॅबिलिटी सुधारली’. स्लीपचा दोष त्यात गेला असेलही. पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलंय, पण टाकायचा धीर होत नाही. तुळशीची लग्नं लागली की माझं काम सुरू होतं, म्हणजे हातात चार आठवडे आहेत. मोबाइलवाल्या मित्राला रविवारी बोलावलंय, सुया घेऊन.