पोल्ट्रीच्या गाड्या व क्रेट निर्जंतुक करणारी सेवा : अनुभव आणि परीक्षण

रानपक्षी, विशेषतः पाणपक्षी, बर्ड फ्लूचा विषाणू परिसरात आणतात. परंतु एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर तो बहुधा आपणच पोहोचवतो. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूच्या एच५एन२ या प्रकाराच्या साथीत सुमारे ५ कोटी पक्षी गेले, तेव्हा फार्म-फार्ममध्ये फिरणारी सामायिक उपकरणे, गाड्या आणि कामगार हे प्रसाराचे महत्त्वाचे मार्ग असल्याचे तपासात आढळले. म्हणूनच पक्षी उचलण्यासाठी येणाऱ्या गाड्या आणि क्रेट फाटकावरच धुऊन निर्जंतुक करून देणारी सेवा आम्ही घेतली.

या सेवेची सर्वांत जमेची बाजू म्हणजे धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तिथल्या माणसांना पक्के ठाऊक आहे. विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध असल्याने साबणाच्या पाण्यानेही ते फाटते, पण सुकलेल्या विष्ठेच्या थराखाली औषध पोहोचतच नाही, शिवाय क्लोरीनसारख्या औषधाची ताकद त्या घाणीतच खर्च होते. त्यामुळे ही मंडळी आधी सुकी घाण खरवडतात, मग फेस मारून काही वेळ ठेवतात, धुतात, पाणी निथळू देतात आणि त्यानंतरच औषध फवारतात. क्रेटच्या जाळीच्या कोपऱ्यात पिसांसह घट्ट बसलेली विष्ठा एका कामगाराने अरुंद ब्रशने काढली आणि तो क्रेट उजेडाकडे धरून पुन्हा तपासला. इतकी काळजी मी क्वचितच पाहिली आहे. गाडीच्या चिखलरोधकांच्या आतल्या बाजूलाही त्यांनी तसाच वेळ दिला. थंडीत विषाणू ओल्या विष्ठेत जास्त काळ टिकतो, म्हणून त्या दिवसांत औषध अधिक वेळ पृष्ठभागावर ओले राहू देण्याचा त्यांचा आग्रहही रास्त आहे.

चालकाच्या केबिनबाबत मात्र ही सेवा कमी पडते. बाहेरून चकचकीत झालेल्या गाडीतला चालक मागच्या फार्मवरचेच बूट घालून खाली उतरला; पायाखालची चटई आणि पेडल यांना कोणी हात लावला नव्हता. फाटकावरच्या पायधुणीतले पाणी गढूळ होऊनही ते बदलले गेले नाही, आणि गढूळ पायधुणी तर रिकामीपेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे खोटा विश्वास निर्माण होतो. मृत पक्षी नेणाऱ्या गाडीचे त्यांनी वेगळे नियोजन केलेले नाही. ती सर्वाधिक धोक्याची असल्याने तिला फाटकाच्या आत येऊच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एकाच बॅचमधले काही पक्षी आधी उचलून बाकीचे शेडमध्ये ठेवणाऱ्यांना मी ही सेवा आवर्जून सुचवेन. शेड पूर्ण रिकामे होत असेल तर पुढच्या बॅचपूर्वी सफाईला अवधी मिळतो. अर्धवट उचलणीत मात्र बाहेरचे क्रेट आणि पक्षी पकडणाऱ्या कामगारांची टोळी जिवंत पक्ष्यांमध्येच शिरतात आणि चूक सुधारायला मधे एक दिवसही मिळत नाही. करार करताना केबिनची सफाई, चालकासाठी फार्मवरचेच बूट आणि गाडी आधी कोणत्या फार्मवर गेली याची नोंद, या तिन्ही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात.