‘जवारी’ बियाण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आमच्या घरामागे जेमतेम दोन गुंठ्यांचे परडे आहे. सासूबाईंच्या हातचे वांगे, संकेश्वरी मिरची, वाल, दुधी, झेंडू आणि अबोली या परड्यात वर्षानुवर्षे होत असे, आणि बी विकत आणण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. चांगले फळ झाडावरच पिकू द्यायचे, त्याचे बी सावलीत वाळवायचे आणि चाळलेल्या राखेत घालून डब्यात ठेवायचे, हा त्यांचा शिरस्ता मीही पुढे चालवला. २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी परड्यातून मागच्या खोलीत शिरले, तेव्हा खालच्या फळीवरचे बियांचे सगळे डबे चिखलात गेले. स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेला, हलवला की आत बी खुळखुळणारा एक वाळका दुधी तेवढा वाचला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की मला फसवणाऱ्या माणसाने नेमकी हीच जागा हेरली होती. २०२२ च्या एप्रिलमध्ये शहरातील एका रोपांच्या प्रदर्शनात त्याची भेट झाली. महापुरात गेलेली जवारी, म्हणजे गावरान, बियाणी पुन्हा घराघरांत पोहोचवायची आहेत, असे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. माझे डबे वाहून गेल्याचे मी त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “काकू, काळजी करू नका. आमच्या आज्जीनं राखेत घालून ठेवलेलं बी हाय हे. औषधाचा थेंब न्हाई त्याला.” ‘राखेत’ हा एक शब्द ऐकला आणि माझी सगळी सावधगिरी गळून पडली. चोवीस पुड्यांच्या संचाचे १,८०० रुपये मी त्याच्या मोबाइल क्रमांकावर पाठवले. पावती मागितली नाही. माझ्या शब्दावर शेजारच्या तिघींनीही संच घेतले, आणि स्वतःच्या पैशांपेक्षा मला त्याचे अधिक वाईट वाटते.

पहिली खूण पेरणीच्या आदल्या रात्रीच दिसली होती. टोमॅटोचे बी मी पांढऱ्या वाटीत भिजत घातले होते. सकाळी पाहिले तर पाणी गुलाबी झाले होते आणि बी चोळल्यावर बोटांच्या पेरांनाही तो रंग लागला. थायरमसारखे बुरशीनाशक लावलेले बी चुकून कोणी खाऊ नये म्हणून कंपन्या त्याला असा रंग देतात. म्हणजे ते कोणाच्याही आजीचे बी नव्हते, तर दुकानातील पाकीट फोडून खाकी पुडीत भरलेले बी होते. हे मला त्याच क्षणी समजायला हवे होते, कारण रंगीत बी मी दुकानात अनेकदा पाहिले आहे; परंतु आपण फसलो आहोत हे स्वतःशी कबूल करायला मन धजत नव्हते. त्यात भर म्हणजे त्या वर्षी टोमॅटो उत्तम आले. सगळी झाडे एकाच उंचीची, फळे एकाच आकाराची आणि टणक. मी समाधानाने त्यांचे बी धरले, आणि पुढच्या वर्षी त्याच बियांपासून एक झाड बोराएवढ्या फळांचे, एक चपट्या फळांचे, एक नुसतेच माजलेले, असा सगळा गोंधळ उगवला. संकरित वाणाच्या पहिल्या पिढीत दोन्ही मूळ वाणांचे गुण एकत्र येऊन झाडे एकसारखी दिसतात आणि त्यांचे बी पुन्हा पेरले की ते गुण फुटून वेगवेगळे होतात. त्यामुळे संकरित बी जवारी म्हणून विकणाऱ्याची चोरी पहिल्या हंगामात पकडली जात नाही, आणि ती उघड होईपर्यंत तो माणूस दुसऱ्या गावाला निघून गेलेला असतो.

मिरचीने मात्र त्याच वर्षी खरे काय ते दाखवले. संकेश्वरी मिरची लांब, बारीक आणि वाळल्यावर सुरकुतलेली असते, आणि आमच्याकडे चटणीसाठी तीच लागते. माझ्या बारा रोपांवर आखूड, जाड आणि काही तर आभाळाकडे तोंड करून लागलेल्या मिरच्या आल्या. दसऱ्याच्या तोरणासाठी लावलेला झेंडू एकेरी पाकळ्यांचा निघाला. भेट म्हणून दिलेल्या ‘निळ्या गुलाबाच्या’ पुडीतून तिसऱ्या दिवशी राजगिरा उगवला. गुलाबात निळा रंग देणारे द्रव्य मुळातच नसते, बाजारात दिसणारे गर्द निळे गुलाब रंगवलेले असतात, आणि गुलाबाची लागवड फांदीने किंवा डोळा भरून, म्हणजे एका झाडाचा अंकुर दुसऱ्या रोपावर बसवून, करतात. गुलाबाचे बी तीन दिवसांत कधीच उगवत नाही. निळ्या गुलाबाच्या, सप्तरंगी गुलाबाच्या बिया कोणी देऊ केल्या, तर त्या माणसाकडून दुसरे कोणतेही बी घेऊ नये.

इथपर्यंत नुकसान एका हंगामाचे होते. खरे नुकसान दुधीने केले. वाचलेल्या भोपळ्याचे सगळे बी मी त्या जूनमध्ये मृगावर टोकले आणि शेजारीच त्या विक्रेत्याच्या पुडीतील ‘जवारी दुधी’ही लावला. त्या वेलाला तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी गोल फळे लागली, ती कडू निघाली म्हणून मी टाकून दिली. वेल मात्र हिरवागार होता म्हणून ठेवला. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि रात्री पतंग या वेलावरून त्या वेलावर पराग नेतात. परागाचा हा संकर त्या वर्षीच्या फळात दिसत नाही, फळ आईसारखेच होते. तो उतरतो बियांत. त्यामुळे सासूबाईंच्या वेलीचे दुधी त्या वर्षी नेहमीसारखे गोड लागले आणि मी निश्चिंत मनाने त्यातील एक वाळवून आढ्याला टांगला. २०२३ मध्ये त्याचे वेल वाढले, फळे लांबट दिसली, आणि पहिलाच दुधी चिरून फोड जिभेला लावली तर जहर कडू. मी ती लगेच थुंकली. दुधीतील हा कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्याचा असतो, शिजवून तो जात नाही, आणि असा दुधी किंवा त्याचा रस पोटात गेल्यास रक्ताच्या उलट्या होऊन माणूस दगावू शकतो. म्हणून दुधी कुठूनही आणलेला असो, चिरल्यावर लहानशी फोड चाखून पाहावी आणि कडू लागल्यास सगळा टाकून द्यावा. मी सगळे वेल उपटले. चाळीस वर्षे या परड्यात टिकलेले बी माझ्या हातून गेले.

त्या माणसाला फोन केला तेव्हा त्याने आधी माझ्या मातीला दोष दिला, मग “आम्ही शेतकरी आहोत, आम्हाला परवाना लागत नाही” असे सांगितले, आणि पुढे त्याचा क्रमांक बंद झाला. त्याचे म्हणणे अर्धे खरे होते, आणि ते अर्धेच तो सर्वांना सांगत असावा. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी ठेवण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देतो. मात्र ते नाममुद्रा छापून पाकिटातून विकण्याचा हक्क देत नाही. याच्या प्रत्येक पुडीवर छापील नाव आणि चिन्ह होते. बियाणांचा व्यापार करणाऱ्याला बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणे परवाना लागतो, आणि दुकानातील पाकिटावर वाणाचे नाव, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि विक्रेत्याचा पत्ता असतो. त्याच्या पुडीवर यातील काहीही नव्हते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेले तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी मन लावून ऐकून घेतले, पण पुडी, पावती आणि शिल्लक बी यांपैकी काहीही मी दाखवू शकले नाही. त्यामुळे पुडी फाडून टाकू नका, मूठभर बी न पेरता बाजूला ठेवा, पैसे पाठवल्याची नोंद जपा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ऑनलाइन पैसे घेऊन फसवले असल्यास १९३० वर ताबडतोब फोन करावा; मी दीड वर्षाने जागी झाले.

जवारीपण बियांकडे पाहून ओळखता येत नाही. हे बी कोणत्या गावात, कोणाच्या रानात, कोणत्या वर्षी धरले, आणि ते पीक उभे असताना मला पाहता येईल का, एवढे विचारले असते तरी पुरे होते. ज्याने खरोखर बी धरले आहे, तो या प्रश्नाने खूश होतो आणि तासभर बोलत राहतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच गावरान वाणांची बीजपेढी राखल्याबद्दल. त्यांच्यासारख्या माणसांच्या कष्टांवरचा लोकांचा विश्वास असे विक्रेते नासवतात, याचा मला मनापासून राग येतो.

गेल्या दिवाळीत गडहिंग्लजच्या वन्सं आल्या होत्या. त्यांच्याजवळ हे सगळे बोलले तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “वहिनी, आईनं माझ्या लग्नात ओटीत दुधीचं बी घातलं होतं. माझ्या बांधावर अजून तोच वेल आहे.” पंधरा दिवसांनी त्यांनी एक अख्खा वाळका भोपळा पाठवला. त्यातील सहा बिया मी या जूनमध्ये टोकल्या. दुपारी नर आणि मादी कळ्यांची तोंडे दोऱ्याने बांधते, सायंकाळी त्या उघडून हाताने पराग लावते आणि फूल मलमलच्या पिशवीत झाकते. अशी धरलेली दोन फळे खूण बांधून वेलीवरच ठेवली आहेत. एक आमच्यासाठी आणि दुसरे, माझ्या शब्दावर पैसे पाठवलेल्या त्या तिघींना वाटून देण्यासाठी.