राम नदीचे पाणलोट क्षेत्र टोपोशीटवर वाचताना: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांचे परीक्षण

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात खाटपेवाडीजवळच्या डोंगरात उगम पावून भुकूम, भुगाव, बावधन, पाषाण आणि बाणेर असा प्रवास करत मुळेला मिळणारी राम नदी जेमतेम वीस किलोमीटर लांबीची आहे. मोबाइलवरच्या नकाशात ती एक निळी रेघ म्हणून दिसते आणि मध्येच नाहीशीही होते. तिचे खरे रूप म्हणजे तिला दोन्ही अंगांनी येऊन मिळणारे ओढे, ओहोळ आणि त्यांच्या उपशाखा. ते पाहायचे असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटला, म्हणजे स्थलदर्शक नकाशाला, सर्वसामान्य वाचकाच्या हाती येण्याजोगा दुसरा चांगला पर्याय मला आढळलेला नाही.

हे नकाशे मिळवणे आता सोपे झाले आहे. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षण दलांसाठी एक आणि नागरिकांसाठी एक अशा दोन मालिका केल्या आणि २०१७पासून नागरी मालिकेतील पत्रके, म्हणजे नकाशाची एकेक सुटी पाने, विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. पुणे शहराचे जुने पत्रक ४७ एफ/१४. नव्या क्रमांकपद्धतीत ते ई४३एच१४ आहे. नागरी मालिकेत संवेदनशील स्थळे दाखवत नाहीत, त्यामुळे पाषाण परिसरात काही तपशील गाळलेले असतील हे गृहीत धरावे. नदीच्या अभ्यासाला त्याची फारशी अडचण होत नाही.

या पत्रकांचे मोठेपण त्यांच्या बारीक रेषांमध्ये आहे. पाणी टिकून राहणारे प्रवाह आणि तलाव निळ्या रंगात, तर पावसाळ्यापुरते वाहणारे ओढे काळ्या रेषांनी दाखवलेले असतात. प्रथमच नकाशा उघडणाऱ्याची नजर निळ्यावर खिळते, आणि राम नदीच्या बाबतीत नेमके महत्त्वाचे ते काळ्यातच असते. बावधनच्या उतारावरून, वेताळ टेकडीच्या पाषाणकडील अंगावरून आणि बाणेरच्या टेकडीवरून उतरणाऱ्या या रेषा एकमेकींना टोकदार कोनात मिळत जातात, आणि दख्खनच्या बेसाल्ट खडकावर सहसा आढळणारी वृक्षाकार, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखी, जलप्रणाली डोळ्यांसमोर उभी राहते. ज्या ओहोळाला दुसरा ओहोळ मिळालेला नाही तो पहिल्या श्रेणीचा, पहिल्या श्रेणीचे दोन एकत्र आले की दुसऱ्या श्रेणीचा, ही भूरूपशास्त्रज्ञ स्ट्रॅलर यांची पद्धत वापरून पेन्सिलीने क्रमांक घालत गेल्यास नदीची घडण आपोआप उलगडते. यातील कितीतरी रेषांवर आज इमारती आणि रस्ते उभे आहेत. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने पुण्यात जो विध्वंस केला, त्यानंतर या रेषांना केवळ अभ्यासाचा विषय मानणे मला शक्य होत नाही.

जलविभाजक, म्हणजे दोन पाणलोटांमधली सीमा, ओळखण्यासाठी तपकिरी समोच्च रेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) आधार घ्यावा लागतो. या रेषा ओढ्याजवळ उगमाच्या दिशेने वळतात आणि डोंगरसोंडेवर उताराच्या दिशेने. सोंडांचे माथे जोडत गेले की पाणलोटाची सीमा मिळते. चांदणी चौकाच्या खिंडीत हे फार सुंदर दिसते. तिथे बावधनच्या अंगाला पडलेला पाऊस राम नदीतून मुळेकडे जातो, कोथरूडच्या अंगाला पडलेला मुठेकडे, आणि दोन्ही पाणी पुन्हा भेटते ते थेट मुळा-मुठेच्या संगमावर.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. लगतच्या समोच्च रेषांमधला उंचीचा फरक २० मीटरचा असल्यामुळे डोंगरात त्या उत्तम काम देतात, पण पाषाण-बाणेरच्या सपाट भागात दोन ओढ्यांमधला पाच-सात मीटरचा उंचवटा नकाशावर उमटतच नाही. तिथे पावसाळ्यात प्रत्यक्ष जाऊन पाणी कुठे वळते ते पाहणे हाच उपाय. सर्वांत लहान ओहोळ या प्रमाणात मावत नाहीत, त्यामुळे आपण मोजलेली पहिली श्रेणी ही जमिनीवरची पहिली श्रेणी नसते.

लहान नदीच्या अभ्यासकाला सर्वाधिक त्रास होतो तो पत्रकांच्या सीमांचा. प्रत्येक पत्रक पंधरा मिनिटे अक्षांश आणि पंधरा मिनिटे रेखांश एवढ्या चौकोनाचे असते, म्हणजे साधारण अठ्ठावीस किलोमीटर उंच आणि सव्वीस किलोमीटर रुंद. राम नदी त्यात सहज मावली असती. पण १८° ३०' अक्षांश आणि ७३° ४५' रेखांश एकमेकांना छेदतात ते नेमके भुगावच्या परिसरात, आणि तिथेच ४७ एफ/१०, ११, १४ आणि १५ ही चार पत्रके एकत्र येतात. उगमाकडचा भाग पश्चिमेच्या पत्रकांवर आणि पाषाण ते मुळेपर्यंतचा भाग पूर्वेच्या पत्रकावर, अशी नदीची फाळणी होते. शेजारच्या पत्रकांचे सर्वेक्षण एकाच वर्षी झालेले असेल असेही नाही; समासातील वर्ष पाहिल्याशिवाय ती जोडू नयेत.

नकाशा छापून घेणार असाल, तर दुकानदाराला कागदाच्या मापात बसवू नका, मूळ मापातच छापा, असे बजावून सांगावे. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर हे प्रमाण बिघडले, तर लांबी आणि क्षेत्रफळाची सगळी मोजणी वाया जाते. संगणकावर उतार आणि पाणलोट काढायची तयारी असलेल्यांनी इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावरील कार्टोसॅट उपग्रहाची उंचीविषयक माहिती सोबत घ्यावी, मात्र शहरात ती इमारतींच्या छपरांची उंचीही धरते, म्हणून ओढ्यांचे मूळ मार्ग टोपोशीटवरूनच पडताळावेत. शाळेचे भूगोल शिक्षक, नदीकाठच्या सोसायट्यांचे पदाधिकारी आणि जमीन घेण्यापूर्वी तिच्याखालून ओढा जात होता का हे पाहू इच्छिणारे, या सर्वांना मी ही चारही पत्रके उतरवून घेण्याची शिफारस करतो.